म्या नीट केलेला भोंगा

चहा अगोदर पिऊन घ्या, मंग सांगतो. नाई तं हसता हसता अंगावर सांडन! अन् माह्या बायकोसमोर हा विषय काढू नोका. थे माह्याहून बेस सांगते.

आमी कारंज्याचे कापसाचे अडते. बाबांनी एक जुनी मोटार घेतली होती अन् थे चालवाचा मान माह्या एकट्याचा. शेवंता, माही बायको, पहिल्या बाळंतपनाले माहेरी इंझोरीले गेल्ती. पोरगी झाली. तीन महिने झाले तरी म्या पोरीचं तोंड पाह्यलं नोयतं! अन् दोघींले आनाले जाच्या दिवशीच मोटारीचा भोंगा बंद. आता भोंग्याबिगर बैलगाड्या बाजूले होतीन काय?

गेलो सुलेमान मिस्त्रीकडे.

"ठेवून जा शेठ, उद्या न्या. तारीचं काम हाय, घाईचं नोय."

"उद्या? अरे, लेक पाहाची हाय मले!"

"तीन महिने थांबले, मंग एक दिस काय जड हाय?"

एक दिस! त्याले काय सांगू? घरी आलो, बोनट उघडलं. मॅट्रिकपर्यंत शिकलेला मानूस म्या, दोन तारा जोडाले मिस्त्री कायले लागते? एक तार तुटलेली दिसली. पिळून जोडली. भोंगा दाबला. पोंऽऽ! बस, निंगालो.

रस्ता सरळ होता तोवर मजा. डाव्या हाताले वळन आलं, मोटार वळवली, अन् भोंगा आपल्या मनानंच पोंऽऽ! सरळ केली, चूप. पुन्हा डावीकडे, पुन्हा पोंऽऽ! समोरच्या गाडीचे बैल तुरीत घुसले.

"अबे, रस्ता काय तुह्या बापाचा हाय?" गाडीवाला वरडला.

काय सांगू त्याले? हात जोडावं तं मोटार पुन्हा डावीकडे जाय!

सासऱ्याचं घर नेमकं डाव्या गल्लीत. वळलो. आता मात्र भोंगा जो सुरू झाला, थो सरळ करूनही थांबे ना. आख्खं गाव जमा झालं. "कोन गेलं वं?" एका म्हातारीनं इचारलं. मामाजी अर्धा फेटा हातात धरून बाहेर आले.

"जवाईबापू, आले हे समजलं! आता पुरे करा!"

"मामाजी, म्या नाई वाजवून राह्यलो! थो आपल्या मनानं वाजून राह्यला!"

घाबरून बोनट उघडलं अन् एक तार ओढली. भलतीच निंगाली. आतून पोरीचं रडनं ऐकू आलं. तीन महिन्यांनी बाप आला, अन् असा!

शेवंता पोरीले खांद्यावर घेऊन बाहेर आली. तीन महिन्यांनी भेटलो, अन् पहिला शब्द काय? "हे धरा!"

पोरगी माह्या तेलकट हातात. ही बोनटात वाकली.

"तार उघडीच ठेवली काहून? लोखंडाले लागून राह्यली न!"

हातावर पदर गुंडाळून तिनं तार बाजूले केली. भोंगा चूप! पोरीच्या लंगोटाची एक चिंधी फाडून गुंडाळली. झालं काम.

एवढ्या शांततेत पोरीनं रडनं थांबवून माह्याकडे पाह्यलं, अन् माहं काळं झालेलं बोट मुठीत धरलं. चिमुकली मूठ हो, सोडेच ना!

"रडता काहून?" शेवंता हळूच म्हने.

"तेल गेलं डोळ्यात."

"दोन्ही डोळ्यात?"

मंग मोठ्या ऐटीत निंगालो आमी. म्हंजे निंगाचं होतं. भोंग्यानं बॅटरी पार पिऊन टाकली होती! हँडल फिरवून फिरवून खांदा निखळाची वेळ आली. शेवटी मामाजींनी मोटारीलेच बैलजोडी जुपली.

कारंज्याच्या भर बाजारातून बैलांमागं मोटार, मोटारीत म्या स्टेरिंग धरून, मांगं शेवंता पदरात तोंड खुपसून हसून राह्यली. सुलेमान मिस्त्री दुकानातून धावत आला.

"शेठ, काय बिघडलं हो?"

म्या तोंड उघडाच्या आतच मांगून आवाज आला, "मोटार बरी हाय भाऊ. चालवनाऱ्याले दोन दिस ठेवून घ्या!"