बाहेरच्या कप्प्यातला गूळ

मला साखर आहे. म्हणजे मधुमेह, पण आमच्याकडं साखर म्हटलं की पुरतं. डॉक्टरांनी गोड बंद केलं त्याला बरीच वर्षं झाली, आणि तेवढ्या वर्षांत मी चोरून किती पेढे खाल्ले ते सांगत बसले तर कागद पुरायचा नाही. एका पेढ्यानं काय होतंय, हे माझं ठरलेलं वाक्य. ते आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं ते याच वाक्यापायी झालं.

मी शाळेत शिकवायची. निवृत्त झाल्यावर कोल्हापुरात माहेरी, परड्यातल्या दोन खोल्यांत राहायला आले. पुढच्या घरात धाकटा भाऊ, आणि मधल्या जागेत पत्र्याच्या शेडमध्ये त्याची पांढरी घोडी. भावानं लग्न केलं नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या वराती काढल्या, स्वतःची तेवढी राहून गेली. सकाळी लवकर फाउंड्रीत पाळीला जायचा, दुपारी आला की आधी घोडीला खरारा, मग स्वतःची आंघोळ. लगीनसराईत तिला झूल घालून न्यायचा आणि हलगीच्या ठेक्यावर ती अशी पाय उचलायची की नवरदेवाकडं कोण बघायचं नाही. त्याचं सुखदुःख जे काय होतं ते तिच्या कानात. माझ्या वाट्याला "अक्का, चहा" एवढंच.

घोडीच्या खुराकाच्या बाबतीत तो तालमीतल्या वस्तादासारखा कडक होता. कडबा एवढा, गवत एवढं, भिजवलेला हरभरा ओंजळभर, आणि गूळ वर्षातनं एकदा, दसऱ्याला, एक खडा. मी राहायला आले त्याच दिवशी मला बजावलं, "अक्का, तुझा हात लई सैल हाय. तिला कायबी घालू नको." मला राग आला. थोरल्या बहिणीला शिकवतोय.

आता माझ्या नणंदेचं मुरगूडकडं गुऱ्हाळ. दर हंगामाला ती गुळाची अख्खी ढेप पाठवणार म्हणजे पाठवणारच. नको म्हटलं तर रुसून बसणार. मला गूळ चालत नाही, भाऊ गोडाला शिवत नाही. मग ती ढेप फोडून डब्यात भरायची आणि येता-जाता नुसता वास घ्यायचा, हे मला कसं जमावं? भाऊ कामावर गेला की भाजी आणायला निघताना पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात दोन खडे टाकायचे आणि शेडवरनं जाताना घोडीला चारायचे. थोड्या दिवसांत घोडीनं ओळखलं. मी दिसले की मान लांब करून नाक थेट त्या कप्प्यावर ठेवायची आणि ओठानं चेन चाळवायची. मला इतकं कौतुक वाटायचं. पोरगा पुण्याला, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. सकाळी सकाळी कुणीतरी आपली वाट बघतंय, ही चैन मला सोडवेना. दोनाचे चार खडे झाले, चाराची मूठ झाली. त्या साली ढेप उन्हाळ्यातच संपत आली आणि मी काही ती खाल्ली नव्हती.

वैशाखात कबनूरला एक लग्न होतं. नवरदेव माझा जुना विद्यार्थी, म्हणून मीही गेले. वरात निघायच्या आधीच घोडी एक पाय उचलायची, टेकायची, दुसरा उचलायची. हलगीवाले चेकाळले. डांबरी रस्ता तापलेला, वर ऊन मी म्हणतंय, आणि ही थांबेचना. भाऊ सगळ्यांना सांगत सुटला, आज पोरगी लई रंगात आलीया. मी मंडपाच्या दारात उभी राहून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात.

दुसऱ्या दिवशी ती शेडबाहेर येईना. पुढचे दोन्ही पाय लांब टाकून सगळा भार मागं घेऊन उभी. खुराला हात लावला तर चहाचं पातेलं धरावं तसं गरम. शेजारचे म्हणाले, माज आलाय, दोन चकरा मारा. भावानं मारल्याही. तिसऱ्या चकरेला ती मटकन बसली, तेव्हा त्यानं टेम्पो बोलावला.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण हात अनुभवी. त्यांनी चिमट्यानं खूर दाबला तशी घोडी अंगभर थरथरली. वरातीचं ऐकून त्यांनी मान हलवली. "ती नाचत नव्हती. तिला पाय टेकवत नव्हता." एवढं म्हणून त्यांनी आजार समजावून सांगितला. खुराच्या आत हाडाला धरून ठेवणारा पदर असतो, तो सुजलाय. सूज उतरली तर घोडी उभी राहील. पदर सुटला तर हाड खाली सरकतं आणि मग इलाज नाही. बहुतेक वेळा हे खाण्यातनं होतं, गोड किंवा धान्य जास्त झालं की, आणि कडक रस्त्यानं वाढतं. मग विचारलं, खायला काय घालता?

भावानं पाढा म्हणावा तसं सगळं सांगितलं. गूळ? "दसऱ्याला एक खडा. त्याच्यावर न्हाय." इतक्या अभिमानानं म्हणाला तो. मी शेजारीच उभी होते. तोंड होतं मला, एरवी चांगलं चालतंही. त्या वेळी उघडलं नाही. घरी गेल्यावर निवांत सांगू, असं मनाशी म्हटलं. घरी गेल्यावर तो उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, मीच नाचीवली तिला डांबरावर, खाण्याचा काय दोष? मी त्याला चहा करून दिला.

दवाखान्यात तिला ठेवून घेतलं आणि तिच्यासाठी वाळूचा गादीएवढा जाड थर केला. तिथले शिपाईमामा मासळी बाजारातनं बर्फ आणायचे आणि तिचे पाय घमेल्यात घालून तासतासभर धरून बसायचे. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, तरी तिच्याशी बोलत बसायचे. इंजेक्शनं, खुराखाली मऊ पट्ट्या, आणि खायला फक्त पाण्यात भिजवून पिळलेलं वाळकं गवत. तिसऱ्या दिवशी तिनं दोन्ही पाय सारखे टेकले. भाऊ किती दिवसांनी हसला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच चालू द्या, आशा आहे.

पण ते गवत तिला जाईना. चिवडायची आणि टाकायची. भाऊ दिवसभर तिथंच असायचा, मी त्याचा डबा घेऊन गेले की ती मान वळवून पर्सकडं बघायची. एका दुपारी भाऊ औषधं आणायला गेलेला, मामा बर्फाला गेलेले. बाहेरच्या कप्प्यात आदल्या आठवड्याचे खडे होते. मला सगळं ठाऊक होतं. डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर सांगितलं होतं, मराठीत सांगितलं होतं. तरी मनात आलं, एका खड्यानं काय होतंय.

खडा दिल्यावर तिचे कान उभे राहिले, वर चार काड्या गवतही खाल्लं. झालं. डॉक्टरांना नाही सापडलं ते औषध मला सापडलं, असं मला वाटलं. पुढचे चार दिवस मी डब्याबरोबर गूळ नेला. हे लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

पाचव्या दिवशी ती आडवी झाली ती उठेना. डॉक्टरीणबाई तपासायला वाकल्या आणि त्यांना गव्हाणीच्या कडेला मुंग्यांची रांग दिसली. त्यांनी बोट लावून बघितलं. "इथं गोड कुणी आणलं?"

तीस वर्षं मी वर्गात हेच विचारत आले. कुणी केलं, हात वर करा. जो करायचा नाही त्याला भेकड म्हणायची. आणि माझे दोन्ही हात पर्सवर घट्ट. भाऊ मात्र उसळला. आणि कुणावर, तर शिपाईमामांवर. येणारं-जाणारं पावणं कायबी चारतंय आणि तुम्ही बघत बसताय, असं आख्ख्या आवारानं ऐकावं इतक्या जोरात बोलला. मामा एवढंच म्हणाले की मी न्हाय, आणि बर्फाची बादली उचलून चालायला लागले. एक शब्द बोलले असते मी, तर त्या माणसाची मान खाली गेली नसती. नाही बोलले. डॉक्टरीणबाई माझ्याकडं बघत होत्या.

एक्स-रे निघाला. हाड सरकून तळव्याला टेकलं होतं. डॉक्टरीणबाई भावाशेजारी जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, आता तिला ठेवणं म्हणजे तिचे हाल. उद्या सकाळी इंजेक्शन देऊ. भाऊ बराच वेळ तो काळा कागद उजेडाला धरून बघत राहिला. मग व्हय म्हणाला.

सकाळी आम्ही गेलो तेव्हा इंजेक्शन भरून ठेवलेलं होतं. भाऊ तिच्या मानेशी बसला, मी पुढच्या पायांशी, पर्स मांडीवर. मामा लांब, भिंतीला टेकून. डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "गूळ द्यायचा असेल तर आता द्या. आता काही बिघडायचं नाही."

भावाला वाटलं त्याला म्हणाल्या. तो कावराबावरा झाला, माझ्याजवळ कुठला गूळ, म्हणत उठायला लागला. दुकानातनं आणतो म्हणाला. तेवढ्यात घोडीनं मान उचलली. त्याच्या हातावरनं नाक पुढं आणलं, माझ्या पर्सच्या बाहेरच्या कप्प्यावर ठेवलं, आणि ओठानं चेन चाळवायला लागली.

तो बघत राहिला. एकदा तिच्याकडं, एकदा पर्सकडं. माझ्या तोंडाकडं त्यानं बघितलं नाही.

"तिला ठावं हाय की," तो म्हणाला.

मग उठला, भिंतीपाशी गेला आणि शिपाईमामांच्या पायाला हात लावला. मामांनी त्याला वर उठवलं. माफी मागायचं काम माझं होतं. मी तिथंच चेन उघडत बसले. आत दोन खडे होते. ते तिनं खाल्ले आणि माझा तळहात चाटत राहिली. भाऊ परत आला, तिचं डोकं मांडीवर घेतलं, आणि डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला व्हायला सांगितलं.