स्टेंटरवर ठेवलेली बाटली

लग्नाला सहा वर्षं झाली तरी पाळणा हलेना, म्हणून माय माझ्या बायकोला सोमवार धरायला लावायची. माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. पलसाण्याच्या मिलमध्ये बारा तास उभा राहणारा गडी मी, मला काय धाड भरली होती!

मग तपासणीत शुक्राणू कमी निघाले. हे फक्त बायकोला ठाऊक. डॉक्टरांनी व्हिटॅमिनच्या कॅप्सूल दिल्या, "फायदा होईलच असं नाही," असंही सांगितलं. मायला दिसू नये म्हणून बाटली मी डब्याच्या पिशवीत लपवली. बायको गप्प राहून उपवास करत राहिली आणि मी ते बघत राहिलो. लाज वाटते सांगायला.

आमच्या मिलमध्ये सगळे आपापले डबे पिशवीसकट स्टेंटरच्या माथ्यावर ठेवतात. गरम हवेवर कापड सुकवणारं हे लांबलचक मशीन, त्यावर दुपारपर्यंत भाजी वाफाळलेली राहते. आठवड्याभरात माझ्या कॅप्सूल वितळून त्यांचा एक गोळा झाला. माझं डोकंच फिरलं! बाटली घेऊन तरातरा डॉक्टरांकडे गेलो आणि माल नकली आहे म्हणून टेबलावर आपटली.

बाटली कुठे ठेवली होती, असं त्यांनी शांतपणे त्यांच्या गुजरातीत विचारलं, "भाई, आ क्यां मूकी हती?"

"स्टेंटरवर."

"और तुम खुद कहाँ खड़े रहते हो?"

"वहीं," म्हणालो आणि एकदम चमकलो. अशा उष्णतेनंही शुक्राणू कमी होऊ शकतात, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्याच दिवशी भांडून फोल्डिंग खात्यात, कापडाच्या घड्या घालायच्या कामावर, मशीनच्या धगीपासून लांब बदली घेतली. नव्या कॅप्सूल थंड जागी ठेवल्या. तीन महिन्यांनी लॅबच्या जिन्यातच रिपोर्ट फोडला. आकडा वाढला होता, चांगलाच वाढला होता! कशानं, ते डॉक्टरही ठामपणे सांगेनात. मला त्याचं काय! रिक्षाही न बघता मी घरापर्यंत पळत गेलो.

घरी माय बायकोला पुढच्या सोमवारचं बजावत होती. मला राहवलं नाही, दोष माझ्यातच होता हे सांगून टाकलं.

"माय, खोट मनामा व्हती. तिनामा नही."

मायनं बायकोच्या हातातलं पूजेचं ताट घेऊन माझ्या हातात दिलं. "मंग आते सोमवार तू धर."

बायको खो खो हसत सुटली. सहा वर्षांत मायसमोर तिला असं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.