विमान भरायची वाट

इतक्या स्वस्तात विमानात बसवतात म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे, असं मला तिकीट हातात पडलं तेव्हाच वाटलं. साध्या कागदावर छापलेलं, ना शिक्का ना सही. दिल्लीत नोकरीला असलेल्या माझ्या मोठ्या भावाच्या मित्रानं ते पाठवलं होतं. म्हणे, दोन कंपन्यांत चढाओढ लागलीय, रेल्वेच्या एसी डब्याच्या भावात नेतात. मी म्हणालो, "घरचं तेल जाळून लोकायला कोन फिरवतं? मधेच कुठंतरी उतरवून देतील, पाहा."

पण जाणं भागच होतं. भावाच्या डोळ्यांमागं गाठ निघाली होती. विमानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीत ऑपरेशन, आणि त्यानंतर दिसेल की नाही याची डॉक्टर खात्री देत नव्हते. "त्याच्या आधी मायला एकदा डोळे भरून पाहायचंय," एवढंच तो फोनवर बोलला होता.

शेरडं-मेंढरं चुलत्याच्या हवाली करून मी आणि आई आमच्या सिद्धेश्वर गावाहून निघालो. औरंगाबादच्या विमानतळावर पोचलो तेव्हा विमानाला चांगला दीड तास होता. चांगला दीड तास!

आता आमच्या औंढा-हिंगोली रस्त्यावरच्या जीपा ज्यानं पाहिल्या नाहीत, त्याला मी पुढं काय केलं ते कळायचं नाही. दोन जीपवाल्यांची जुंपली की भाडं उतरतं, पण भरल्याशिवाय जीप जागची हलत नाही. आधी जाऊन बसेल तो येडा, उन्हात उकडत राहतो. जाणता माणूस टपरीवर चहा पितो आणि ड्रायव्हरनं "चला, एकच सीट!" अशी बोंब मारली की उठतो. स्वस्त भाडं म्हणजे उशीर, हे माझ्या अंगात पार मुरलेलं.

म्हणून मी बाहेर लिंबाखाली बसून आत जाणारी माणसं मोजत होतो. तिसावर काही आकडा जाईना.

आई दोनदा म्हणाली, "जाऊ ना रे आत. लोकं जाऊन राहिले."

मी खेकसलो, "काहून घाई करतीस? एवढं मोठं धूड रिकामं नेतील व्हय? बोलावतील बराबर."

कुणी बोलावलं नाही. शेवटी मीच वैतागून आत गेलो, तर काउंटरवरच्या पोरीनं घड्याळाकडं बोट केलं. वेळ संपली होती. मला वाटलं, आमच्या जागा जादा भावानं विकल्या. "चोर हायेत सगळे!" मी ओरडलो.

ती म्हणाली, "सर, अर्धं विमान रिकामंच आहे. पण वेळ झाली की आम्ही कुणासाठी थांबत नाही."

थोड्या वेळानं ते आमच्या डोक्यावरून गेलं. आई वर बघत म्हणाली, "आपल्या दोन जागा होत्या ना रे त्यात?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रेल्वेनं दिल्ली गाठली तेव्हा ऑपरेशन होऊन गेलं होतं. भाऊ वाचला, नजर गेली. पट्टी बांधलेल्या भावानं आईचा चेहरा हातानं चाचपला आणि विचारलं, "लुगडं कोनतं नेसलीस, माय?"

"तू घेतलेलं. हिरवं."

मग मी उभा नव्हतो त्या बाजूला तोंड वळवून तो म्हणाला, "विमान कसं काय चुकलं रे?"

"कंपनीनं फसवलं, दादा," मी म्हणालो.

आई माझ्याकडं बघत होती. तिनं मला खोटं पाडलं नाही.