मासोळीच्या पोटातला नवरदेव

लग्नाची पत्रिका घेऊन कुणी दारात आलं की आजही मला आधी आठवतो तो जालन्याच्या मोती तलावाकाठी कपडे सोडून नाहीसा झालेला एक नवरदेव. नोकरीत मी नामी दरोडेखोर धरले. एक तर नुसत्या माझ्या खाकरण्यावर शरण आला. माझं खाकरणं तेव्हा तीन गल्ल्या ओलांडून जायचं. पण ह्या सरळमार्गी नवरदेवाने जेवढं मला पळवलं, तेवढं त्या सगळ्यांनी मिळून पळवलं नाही. नावं मी सांगणार नाही. जोडप्याची नातवंडं सुखात आहेत, आणि त्यांना आजोबांची ही कथा ठाऊक नाही.

काळ निजामाच्या राज्याचा. मी अमीन होतो, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार. बीदरकडून बदली होऊन जालन्यात आलो त्याला आठ दिवस झाले होते. रोज सकाळी जवानांची हजेरी, मग हवालातीची झडती, मग रोजनामचा. रोजनामचा उर्दूत लिहायचा मुहर्रिर, म्हणजे आमचा कारकून. तो तेलंगणातला. अक्षर असं की चोरीची फिर्यादसुद्धा गझल वाटावी. मराठीशी मात्र त्याची तोंडओळखच होती. शब्द सगळे कळायचे, बोलण्यातला मतलब कळायचा नाही. हे ध्यानात ठेवा.

त्या दिवशी हजेरी संपते न संपते तोच एक पाहुणे ठाण्यात शिरले. डोक्याला भलंमोठं पागोटं, धोतराचा सोगा हातात, चेहरा लालबुंद. ते होते नवरदेवाचे काका. वऱ्हाड आलं होतं खरोखरच्या वऱ्हाडातून, खामगावाकडून, म्हणजे इंग्रजी मुलुखातून.

"अमीनसाहेब, आमचा पोरगा मारला बाप्पा," ते म्हणाले. "आज गोरजावर लग्न हाय अन् नवरदेव तळ्यात हाय."

त्यांना बसवलं, पाणी दिलं. फिर्याद लिहून घेताना कळलं ते असं. मुलीला वडील नव्हते. तिला मामाने वाढवलं, लग्नही तोच लावून देत होता. वऱ्हाड तीन दिवस आधीच आलं होतं. आल्या आल्या ह्या काकांनी विचारलं, "तुमच्या जालन्यात पाह्यासारखं हाय काय?" मामाला तो प्रश्न सुरीसारखा लागला. त्याने पहिल्या दिवशी सगळ्यांना मोती तलाव आणि कापसाची गिरणी दाखवली. काका म्हणाले, गिरण्या आमच्या खामगावात पायलीला पन्नास. दुसऱ्या दिवशी बैलगाड्या जुंपून राजूरचा गणपती. काका म्हणाले, गणपती चांगला हाय, रस्ता चांगला न्हाई. तिसऱ्या दिवशी अंबडची देवी. तिथे काका गुडघ्यांचं निमित्त सांगून डोंगराखालीच झाडाच्या सावलीत झोपले, आणि उठून म्हणाले, सावली बरी होती.

ह्या सगळ्या फिरण्यात एकच माणूस नव्हता, तो नवरदेव. सीमांतपूजन झालं, म्हणजे मुलीकडच्यांनी गावाच्या शिवेवर नवरदेवाला ओवाळून आत घेतलं, की डोक्यावर अक्षता पडेपर्यंत त्याने ती शीव ओलांडायची नाही, अशी त्यांच्या घराण्याची रीत. आजवर कुणी मोडली नव्हती. ती मोडली की सोयरीक मोडली, असं काकांनी मला तीनदा बजावून सांगितलं. त्यामुळे बिचारा तीन दिवस जानोशात, वऱ्हाड उतरलं होतं त्या घरात, भिंतींकडे बघत बसला, आणि संध्याकाळी परतलेल्या बायामाणसांच्या तोंडून गणपती, डोंगर, देवी ऐकत राहिला.

आज पहाटे तो अंथरुणात नव्हता. शोधताना तलावाच्या पायरीवर त्याचा फेटा, अंगरखा आणि टोकाला लिंबू खोचलेली कट्यार सापडली. पायरीचा दगड हळदीने पिवळा झाला होता.

मी जागेचा पंचनामा केला. माझा एक जवान अंबडकडचा होता, अंगाने ताडासारखा, पोहण्यात पट्टीचा. त्याला पाण्यात उतरवलं, सोबतीला चार भोई. भोई म्हणाले, ह्या तळ्यात बैलाएवढा मासा आहे. मी नवा माणूस, मला वाटलं असेलही. मी स्वतः बीदरकडे म्हशीएवढा पाहिलाय, पण ती गोष्ट वेगळी.

तेवढ्यात खबर आली. तलावाकाठी फुलं तोडणारी एक माळीण म्हणाली, "पहाटं मामा आल्ते की इथं. संगं एक जन व्हता, आन् तांगा हुबा व्हता."

मामा. म्हणजे मुलीचा मामा. मी त्याला तडक ठाण्यात बोलावलं. मध्यम वयाचा, काटक शेतकरी. घरात लग्न, त्यामुळे कपाळावर कुंकू, हाताला हळद.

माझी चौकशीची एक पद्धत होती. समोर बसवायचं, चहा द्यायचा आणि काही न बोलता नुसतं बघायचं. माझ्या मिशा तेव्हा अशा होत्या की दोन्ही टोकांवर एकेक पोपट बसला असता. बहुतेक लोक चहा संपायच्या आत बोलायला लागत. मामाने चहा संपवला आणि कप उपडा ठेवला.

"पहाटे तलावावर गेला होता?"

"गेल्तो."

"नवरदेव बरोबर होता?"

"व्हता."

"आता कुठंय?"

"येतील, साहेब. दुपारपस्तोर येतील. मला जाऊ द्या, घरी बायका वाट पाहून राह्यल्या."

"कुठं गेलाय ते सांगा आणि जा."

"त्ये न्हाई सांगनार."

त्याने कपाळाचा घाम पुसला. मी आवाज चढवला. खिडकीतली चिमणी उडाली, तो हलला नाही. मग मी त्याला हवालातीत बसवलं. दार लावताना तो एवढंच म्हणाला, "साहेब, गोरजाच्या टायमाला पोरीमागं मामा हुबा ऱ्हावा लागतो. तेवढं ध्यानात घ्या."

दुपार झाली, नवरदेव आला नाही. मी पुन्हा तलावावर. काका बांधावर बसून प्रत्येक बुडबुड्याला कपाळ बडवत होते. इतक्यात ठाण्यातून मुहर्रिरची चिठ्ठी आली, सुंदर अक्षरात. तांगेवाला परत आल्याबरोबर त्याला धरलं होतं आणि मुहर्रिरने त्याची जबानी घेतली होती. मजकूर असा: मुलजिम, म्हणजे आरोपी, बिनशर्त कबूल करतो की मामाच्या सांगण्यावरून त्याने नौशाला, म्हणजे नवरदेवाला, मासोळीच्या पोटात सोडलं आणि रिकामा तांगा घेऊन तो परत आला.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. नव्या ठाण्यात आठव्या दिवशी खून, आणि जेवणाच्या आधी कबुली. मनातल्या मनात मी मोहतमीमसाहेबांना, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखांना, पाठवायचा अहवालही लिहायला घेतला. मग तोंड गंभीर केलं, जवानाला काठाजवळ बोलावलं आणि काकांना ऐकू जाणार नाही अशा बेताने चिठ्ठी मराठीत सांगितली.

"आता जाळं लावा," मी म्हटलं. "तो मोठा मासा धरायचा आणि पोट फाडायचं."

जवान कमरेइतक्या पाण्यात उभा. मिशीतून पाणी निथळत होतं.

"साहेब, मंग आपन सकाळधरनं पान्यात काय करून राह्यलो? मासोळी तर डोंगरावर हाये."

"कसली मासोळी?"

"अंबडची देवी. मत्स्योदरी. अख्खा डोंगरच मासोळीवानी, आन् देवी तिच्या पोटात. देवीफुडं जायचं म्हंजी आमच्याकडं मासोळीच्या पोटात जायचं म्हंत्यात. म्या ल्हानपनी रोज जायचो."

मी दुसरीकडे बघितलं. अंबडची देवी मला ठाऊक होती, नाव मात्र एवढं फोडून कधी पाहिलं नव्हतं. आणि माझा मुहर्रिर. त्याने शब्दाला शब्द बरोबर लिहिला होता. एवढी अचूक चुकीची जबानी मी पुन्हा कधी वाचली नाही.

"भोयांना सांगू नको," मी म्हटलं. "शोधत राहू दे."

ठाण्यात जाऊन मी हवालातीचं दार उघडलं आणि मामाशेजारी खालीच बसलो.

"मामा, नवरदेव मासोळीच्या पोटात गेलाय ना?"

त्याचा चेहरा पडला. "काकाला कळालं का?"

"नाही."

"मंग कळू देऊ नका, पाया पडतो. शीव वलांडल्याचं कळालं तं वऱ्हाड आल्या पावली मागं जाईल. पोरीला बाप न्हाई, साहेब. मांडवातनं परत गेलेली पोर म्हनून जलमभर ऱ्हायची."

"पण पाठवलंत कशाला त्याला?"

तो ओशाळला. "काल राती मला म्हनाले, मामा, सगळ्यायनं पाह्यली, मीच न्हाई पाह्यली. तीन दिवस म्या ज्याला त्याला दाखवत फिरलो. ज्याच्यासाठी हे समदं, त्याला न्हाई कसं म्हनू? बोललो, तळ्यावर हळद धुवा, कपडे तिथंच ठिवा, माझं धोतर घाला, पहाटं तांग्यानं जा, दुपारच्या मोटारीनं या. कुनाला कळनार न्हाई."

खुनाचा आळ घेऊन हा माणूस सकाळपासून गप्प बसला होता. मला मिशांची थोडी लाज वाटली.

अंबड आठ कोस. कापसाच्या गिरणीतून एक लॉरी मागवली, ओल्या जवानाला तसाच वर चढवला आणि निघालो. ती लॉरी इतकी जोरात हाकली की वाटेतली कुत्री आम्ही पुढे गेल्यावर भुंकायची. देवळात चौकशी केली. गुरव म्हणाला, तसा एक माणूस सकाळीच दर्शन घेऊन गेला. पण जाताना विचारत होता, डोंगर मासोळीसारखा दिसतो म्हणतात, तो कुठून? गुरव म्हणाला, मी जन्म वर काढला, मला काय माहीत. खाली पानवाल्याने सांगितलं पूर्वेकडून. भाजीवाली म्हणाली पश्चिमेकडून.

मोटारीच्या अड्ड्यावर तो फिरकलाच नव्हता. मग आम्ही डोंगराला चक्कर घातली. कोसभर लांब, एका ज्वारीच्या शेताच्या बांधावर नवरदेव उकिडवा बसलेला. शेजारी म्हातारा शेतकरी, हात लांब करून सांगतोय, "त्ये डोकं, त्ये पोट, आन् शेपूट ह्या लिंबामागं. जराक सरका इकडं."

"दिसली का?" मी मागून विचारलं.

"आत्ता दिसली," नवरदेव वळून न पाहताच म्हणाला. मग वळला, गणवेश बघितला, आणि सूर्य बघितला. सूर्य बघून जास्त घाबरला.

परतीच्या वाटेवर त्याने एकच विचारलं, "काकाले सांगितलं काय?"

"काकांना मी सांगेन," मी म्हटलं. "तुम्ही तोंड उघडायचं नाही. तुमच्या मामांकडून शिका."

शिवेच्या आत आल्यावर लॉरी ठाण्यात घेतली. नवरदेवाला मागच्या खोलीत बसवून काकांना बोलावलं. पुतण्या जिवंत पाहून ते आधी रडले, मग त्याला एक ठेवून दिली, मग माझ्याकडे वळले.

"कोठी होता हा?"

"माझ्या ताब्यात," मी म्हटलं. "पहाटेपासून, चौकशीसाठी. मामांना साक्षीदार म्हणून बसवलं होतं. दोघांचाही दोष नाही."

"अन् तळं कावून ढवळलं मंग?"

"तपास गुप्त होता."

"आमच्या इंग्रजी राज्यात असं नसते."

"आमच्यात असतं," मी म्हटलं. निजाम सरकारच्या नावावर मी नोकरीत अनेक थापा मारल्या, पण इतक्या सफाईने दुसरी नाही.

"शीव तं न्हाई ना वलांडली ह्यानं?"

"काका, हवालातीतला माणूस शीव कशी ओलांडील?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या मिशा पहिल्यांदाच खाली आल्या. पण उत्तर त्यांना पटलं. मी मोहतमीमसाहेबांकडे तक्रार करणार, तुमची टोपी उतरवणार, असं म्हणत त्यांनी पुतण्याचा हात धरला. मामा मात्र त्यांच्याही पुढे धावत सुटला.

गोरजाला मी मांडवाच्या कडेला उभा होतो. अंतरपाटाच्या ह्या बाजूला मुलगी, तिच्या मागे मामा. हवालातीतला चुना त्याच्या पाठीवर तसाच होता, अंगरखा बदलायला वेळ मिळाला नव्हता. अक्षता पडल्या तेव्हा त्याने डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. काकांनी त्यांच्या वाट्याच्या अर्ध्या अक्षता माझ्या दिशेने फेकल्या, आणि चांगल्या जोरात.

तक्रार त्यांनी खरंच केली, इंग्रजीत टंकलेली, तीन पानांची. मोहतमीमसाहेबांनी माझी कैफियत मागवली: नवरदेवाला लग्नाच्या दिवशी विनाकारण का अडकवून ठेवलं? मी लिहिलं, संशयावरून. साहेबांनी शेरा मारला, हा अंमलदार अतिउत्साही आहे, आणि मला आणखी लांबच्या ठाण्यात पाठवलं. खरं लिहिलं असतं तर बदली वाचली असती. तो कागद मग वऱ्हाडात पोहोचायला वेळ लागला नसता.

पुढे पंचवीस वर्षं मी माणसं समोर बसवून चौकशी केली. गप्प बसणाऱ्याला पूर्वी मी विचारायचो, काय लपवतोयस? त्या दिवसानंतर विचारायला लागलो, कुणासाठी लपवतोयस? निम्मी माणसं ह्या प्रश्नावर बोलू लागत. उरलेली निम्मी पाणी मागत, आणि त्यांना पाणी देऊन मी जरा वेळ खोलीबाहेर जाऊन उभा राहत असे.