महालातल्या तेरा संध्याकाळी

त्या मुलीला मी नकार दिला, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. का दिला, हे मात्र मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, बायकोला तर नाहीच. घरची मंडळी मला मितभाषी म्हणतात आणि मी त्यांना म्हणू देतो. गप्प राहण्यामागचं कारण कळलं असतं, तर त्यांनी दुसरा शब्द शोधला असता.

गोष्ट सत्तर सालच्या आसपासची. मी सत्तावीस वर्षांचा, पुण्यात एका कचेरीत कारकून. पंधरा दिवसांची रजा काढून नागपूरला, महाल नावाच्या जुन्या वस्तीत, थोरल्या बहिणीकडे गेलो, तेही मे महिन्यात. त्या उन्हात नागपूरला हवा खायला कोणी जात नाही. बहिणीने मुलगी पाहायला बोलावलं होतं. त्याच गल्लीत एक निवृत्त मास्तर राहायचे, त्यांची मुलगी. बी.ए. झालेली, तेवीस वर्षांची.

मी त्या काळात पुरोगामी होतो. म्हणजे मासिकं वाचत होतो. पोहे खात खात मुलगी न्याहाळणं मला पटत नाही, आणि पत्रिका तर मी मानतच नाही, असं मी बहिणीला पहिल्याच दिवशी ऐकवलं. ती बिचारी हातातला झारा तसाच धरून म्हणाली, "मग पाहशील कसा गा तिले?" लग्नानंतर सात वर्षांत तिची भाषा पार नागपुरी झाली होती.

तोड मीच काढली. मास्तर रोज संध्याकाळी जुन्या शहरातून फेरफटका मारतात, मुलगी बरोबर असते, तर मीही जाईन. सहज बोलणं होईल, माणूस म्हणून ओळख होईल.

"वा साळेबुवा," भाऊजी म्हणाले, "म्हणजे पोहे वाचले आमचे."

माझ्या या तत्त्वाने काय साधलं, ते मला फार उशिरा उमगलं. पोह्यांच्या कार्यक्रमात ती पाच-सहा माणसांसमोर पंधरा मिनिटं बसली असती. माझ्या पुरोगामीपणामुळे ती तेरा संध्याकाळी अख्ख्या महालासमोरून चालली. दिवसभर वाळ्याच्या ताट्यांमागे कोंडून बसलेली माणसं त्या वेळी दाराशी पाणी शिंपडून, खाटा टाकून बाहेर बसलेली असत. त्यांना एवढी करमणूक दुसरी कुठली होती?

पुढे मास्तर, हातात काठी. मागे मी. माझ्यापासून दोन हात अंतर राखून ती. मास्तरांना तारखांचं वेड होतं. कुठला बुरूज कधी पडला, जुम्मा दरवाज्याची डागडुजी कधी झाली, तलाव कोणत्या साली तळाला गेला होता, सगळं त्यांच्या वहीत. शंका आली की रस्त्यात थांबून वही काढायचे, चष्मा कपाळावर चढवून पान शोधायचे, आणि तारीख सापडेपर्यंत मागची सायकल-रिक्षा घंटी वाजवत उभी.

मी छाप पाडण्यासाठी नवे बूट घेऊन गेलो होतो. ते दुसऱ्याच दिवशी चावायला लागले. मग मी दर दहा पावलांवर थांबून एखाद्या सज्ज्याच्या कोरीव लाकडाकडे मान वर करून पाहत उभा राहायचो आणि टाच जरा मोकळी करायचो. मास्तर हरखून गेले. त्यांनी बहिणीला सांगितलं, "मुलगा फार बारकाईनं पाहते. इतक्या रसिकतेनं पाहणारा आजपर्यंत भेटला नव्हता मले." मी मान खाली घालून ही स्तुती घेतली. वर आणखी एका तुळईवरच्या नक्षीबद्दल 'ही शैली दक्षिणेकडची वाटते' असंही बोलून गेलो. दक्षिणेला मी कोल्हापूरच्या पुढे कधी गेलो नव्हतो.

चौथ्या दिवशी मास्तर वहीत डोकं घालून उभे असताना ती हळूच म्हणाली, "उद्या चपला घालून या."

"का?"

"बूट चावून राहिले नं तुम्हाले. परवापासून पाहून राहिली मी. आणि ते लाकूड दक्षिणेकडचं नाही, इथल्याच सुतारांचं काम आहे ते. बाबांले सांगितलं नाही मी. त्यांले फार आनंद झाला आहे."

दुसऱ्या दिवशी मी चपला घालून गेलो, पण मनातून उतरलो ते उतरलोच. तिच्या नव्हे, माझ्या स्वतःच्या. ती मला आवडली होती, हे इथे स्पष्ट लिहितो. तिचं बोलणं आवडलं, वडिलांचा आनंद जपणं आवडलं. पण ज्या बाईने मला चार दिवसांत ओळखलं, तिच्यासमोर चाळीस वर्षं कशी काढणार, ही धास्ती मला बसली. मला मान वर करून माझ्याकडे पाहणारी बायको हवी होती. ही माझ्या टाचांकडे पाहत होती.

एवढं कळल्यावर भल्या माणसाने दुसऱ्या दिवशी जाणं बंद केलं असतं. मी आणखी आठ दिवस गेलो. मला त्या संध्याकाळींची चटक लागली होती. तलावावरचा वारा, मास्तरांचं कौतुक, परत आल्यावर बहिणीने पुढे ठेवलेली, कोथिंबीर भरून तळलेली सांभारवडी. बाराव्या दिवशी तलावाच्या कठड्यापाशी तिने सरळ विचारलं, "तुम्ही शहर पाहून राहिले का मले?"

मी म्हणालो, "दोन्ही."

"मग काय ते सांगून टाका. समोरच्या काकू रोज खाटेवर बसून दिवस मोजून राहिल्या. त्यांचे आकडे लवकर संपत नाहीत."

ती हसत म्हणाली, पण तिचा हात कठड्याची माती उगाच खरवडत होता, ते मला दिसलं. "पुण्याला गेलो की कळवतो," असं म्हणून मी मोकळा झालो. तोंडावर 'नाही' म्हणायची हिंमत नव्हती आणि 'हो' म्हणायची त्याहून नव्हती.

निघताना मास्तर स्टेशनवर आले. माझ्या हातात एक पाकीट दिलं. "पत्रिका आहे. तुम्ही मानत नाही, ठाऊक आहे. आईसाहेबांसाठी राहू द्या."

पुण्यात ते पाकीट माझ्या ट्रंकेत पडून राहिलं. आईलाही दाखवलं नाही. महिन्याभराने बहिणीचं तिसरं पत्र आलं तेव्हा मी उत्तर लिहिलं: पत्रिका जुळत नाही. वाचून पाहिलं तर ते फार मोघम वाटलं, म्हणून पुढे लिहिलं, मुलीला कडक मंगळ आहे. पुरोगामी माणसाला ऐन वेळी मंगळच आठवला. वाटलं, यात कोणाचा अपमान नाही, दोष ग्रहांचा.

पुढच्याच वर्षी मी पंधरा मिनिटांत पोहे खाऊन माझं लग्न ठरवलं.

नंतरचं बहिणीकडून तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. मास्तरांनी घरातली मूळ पत्रिका दोन ज्योतिष्यांना दाखवली. दोघांनाही मंगळ सापडेना. तिसरा म्हणाला, पुण्याला मोठे जाणकार असतात, तुमच्याच जन्मवेळेत घोळ असेल. ती वेळ मास्तरांनी स्वतः, सुईण बाहेर आली तेव्हा घड्याळ पाहून वहीत लिहिली होती. घरात मास्तरीणबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या, "साऱ्या गावाच्या तारखा पाठ आहेत यांले, आन् पोटच्या पोरीची वेळ लिहाले चुकले." गल्लीला मंगळ कळला. वर्ध्याचं एक स्थळ आलं, मुलीने त्याला होकार दिला होता. त्यांच्या कानावर ही कुणकुण गेली आणि ते मागे फिरले. पुढे तिने रामटेकला शाळेत नोकरी धरली, आणि लग्न केलं नाही. माझ्यामुळे तिचं आयुष्य वाया गेलं, असं मी म्हणणार नाही. तेवढं मोठं माझं महत्त्व तिच्या लेखी कधीच नव्हतं. पण वर्ध्याला तिने दिलेला होकार माझ्या एका ओळीने पुसला.

तीन वर्षांपूर्वी भाऊजींच्या षष्ट्यब्दीला नागपूरला गेलो. संध्याकाळी गल्लीतून जाताना मास्तर ओट्यावर बसलेले. दुसऱ्या गल्लीने वळणार होतो, तेवढ्यात त्यांनी ओळखलं. काठी टेकत उठले. कान अगदी गेले आहेत. माझा हात धरून म्हणाले, "बरं झालं भेटले. तुम्हाले एक सांगाचं होतं. त्या वेळी माझ्याच हातून वेळ लिहिण्यात चूक झाली असावी. तुम्हाले आणि आईसाहेबांले नाहक त्रास झाला. माफ करा."

आणि मी म्हणालो, "असू द्या हो, होतं असं."

त्यांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा, मोठ्याने ओरडून म्हणालो, "असू द्या!" समोरच्या खाटेवरची माणसं वळून पाहू लागली. मास्तरांचा चेहरा मोकळा झाला. मी त्यांना क्षमा केली होती.

त्या मुलीची भेट झाली नाही. ती रामटेकहून बसने यायची होती, आणि ती येण्याआधी मी निघालो.

मास्तरांना मी एक गोष्ट सांगणं लागतो: वहीतली वेळ बरोबर होती, आणि ती पत्रिका मी पाहिलीच नाही. ते त्यांच्या ओट्यासमोर उभं राहून, गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगायचं आहे, आणि तेव्हा ती घरात असायला हवी. अजून सांगितलेलं नाही.