सामानापाशी

आई गेल्यावर दादाने, म्हणजे तिच्या थोरल्याने, एक काम हट्टाने स्वतःकडे घेतलं. शोकसभेत लावायला त्याने जगाचा भलामोठा नकाशा आणला आणि आई ज्या ज्या देशात राहून आली तिथे तिथे लाल टाचणी टोचली. तो लिफ्ट बसवणारा इंजिनीअर. कंपनी त्याला या देशातून त्या देशात नाचवायची, आणि जिथे जाईल तिथे तो आईला बोलावून घ्यायचा. "मी आईला जग दाखवलं" हे वाक्य त्याने इतक्या जणांना ऐकवलं होतं, की ते सुरू झालं की त्याची बायको हळूच दुसरीकडे बघायची.

त्यालाही कारण होतं. शेवटच्या आजारपणात आईचं सगळं धाकट्या बहिणीने केलं. अंघोळ घालण्यापासून घास भरवण्यापर्यंत सगळं. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही, आणि म्हणूनच दादा तिच्यासमोर कानकोंडा व्हायचा. मुलगा म्हणून तू काय केलंस, असं उद्या कोणी विचारलं तर दाखवायला त्याच्यापाशी तेवढं जग होतं.

आईचं अर्धं आयुष्य बस स्थानकावर चौकशीच्या खिडकीत गेलं. नवरा अकाली गेला, त्याच्या जागी तिला नोकरी लागली आणि दोन्ही पोरं तिने त्या खिडकीच्या जिवावर वाढवली. लोक तिला चौकशीबाईच म्हणायचे. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागते आणि कुठली वाटेत हमखास बंद पडते, सगळं तोंडपाठ. हौसेने मात्र ती त्यातल्या एकाही गाडीत कधी बसली नाही. खिडकीत तिचा एकच कडक नियम होता. गाडी डोळ्यांना दिसत नाही तोवर "येतेच आहे" म्हणायचं नाही. उशीर असेल तर उशीर सांगायचा. "ताटकळलेल्या माणसाला 'येतेच आहे' सांगू नये," ती म्हणायची. "तो बिचारा मग पाणी प्यायलासुद्धा उठत नाही."

नकाशाभोवती फोटो लावायला घेतले तेव्हा दादाची पंचाईत झाली. मनोरा होता, धबधबा होता, राजवाडा होता. त्यांच्यापुढे दात काढून उभा असलेला दादा होता, बायको होती, मुलगी होती. आई कुठेच नव्हती. शोधता शोधता राजवाड्याच्या एका फोटोच्या कोपऱ्यात, बाकावर, बॅगांच्या ढिगाआड तिचं डोकं दिसलं. दादाने तेवढाच कोपरा मोठा करून घेतला आणि बॅगा कापून टाकल्या. चेहरा पुसट आला, पण चालून जाईल असं त्याने स्वतःला समजावलं.

सभेला शेजारीपाजारी आले, स्थानकावरचे निवृत्त ड्रायव्हर-कंडक्टर आले. आल्या आल्या सगळ्यांनी नकाशा पाहिला, वा वा केलं, आणि दादाची मान अंमळ ताठ झाली. बहीण बोलणार नव्हती. तिने फक्त आईचा फोटो सरळ केला आणि मागच्या खुर्चीत जाऊन बसली.

दादाच्या आधी त्याची मुलगी उठली. शिकून नुकतीच नोकरीला लागलेली, आजीची लाडकी, आणि बोलायला फटकळ. तिने सांगितलं की आजीच्या प्रवासवर्णनात मनोरे-राजवाडे नसायचेच, बाक असायचे. धबधब्याचा बाक झकास, पाठीला फळी. मनोऱ्याचा अगदीच भिकार, वर कबुतरं. बाबा म्हणायचे, आई, तू सामानापाशी थांब, आम्ही आलोच. आजी म्हणायची, बरं. मग घटकाभरात ती तिथली चौकशीबाई होऊन बसायची. भाषेचा गंध नाही, पण बस कुठून सुटते आणि स्वच्छतागृह कुठे आहे, हे परक्या देशातली माणसं तिला हातवारे करून विचारून जायची. सभागृहात हशा पिकला. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने मांडीवर थाप मारली. दादाही मनापासून हसला.

"राजवाड्याला मला ताप होता, म्हणून मी तिच्याजवळच होते," मुलगी पुढे म्हणाली. "दुपार गेली, दिवे लागले. डबा तिच्या मांडीवर होता. मला तिने भरवलं, स्वतः घास घेतला नाही. पाण्यालाही उठली नाही. मी म्हटलं, आजी, तू खा ना. तर म्हणाली, आलोच म्हणालेत ना गं, एकत्रच खाऊ."

तिला तक्रार करायची नव्हती, आजी किती गोड होती एवढंच सांगायचं होतं. पण हसणं जागच्या जागी थांबलं. दादाला तो दिवस आठवत होता. त्याला आतला आरसेमहाल आठवत होता, आणि बाहेर आल्यावर आपण आईवर डाफरलो तेही. खाऊन घ्यायचं की, कोणी अडवलं होतं, असं म्हणत त्याने तिच्या मांडीवरचा डबा उचलला होता. त्याला नकाशाकडे बघायची लाज वाटायला लागली, कारण एकेक टाचणी आता वेगळंच बोलत होती. ही मुलगी झाली तेव्हाची. ही बायकोची नोकरी सुरू झाली तेव्हाची. ही घर बदललं तेव्हाची. नुसतं फिरायला म्हणून त्याने आईला एकदाही बोलावलं नव्हतं.

त्याचं नाव पुकारलं. भाषणाचा कागद खिशातच राहिला.

"टाचण्या माझ्या आहेत," तो म्हणाला. "आई सामानापाशी होती."

एवढंच बोलून तो खाली बसला. बहिणीकडे बघायचा त्याला धीर झाला नाही.

सभा संपली, माणसं पांगली. गुंडाळलेला नकाशा, आईचा फोटो, पिशव्या, सगळं दारातल्या बाकावर येऊन पडलं. बहीण गाडी आणायला निघाली, मुलगी तिच्यासोबत.

"दादा, तू सामानापाशी थांब," बहीण सवयीने म्हणाली. "आम्ही आलोच."

"बरं," दादा म्हणाला.

गाडी कुठे लांब लावली होती कोण जाणे, दोघी लवकर आल्या नाहीत. त्याच्या घशाला कोरड पडली होती. पाण्याचा नळ अगदी समोर होता. तो उठला नाही.