नानांचं ओलं मानपत्र

फाउंटन पेनने लिहिणाऱ्या माणसाला आपण चारचौघांपेक्षा थोडे सुसंस्कृत आहोत असं वाटत असतं. मला तर बरंच वाटायचं. त्यामुळे फरीदाबादला राहणाऱ्या माझ्या सासऱ्यांची, म्हणजे नानांची, पंचाहत्तरी ठरली आणि मानपत्र छापून आणू असं मेव्हणा प्रसाद म्हणाला, तेव्हा मी नुसता हसलो. छापील मानपत्रं टायरच्या डीलरना देतात, असंही बोलून गेलो. (प्रसाद टायर कंपनीतच आहे.) यावर घरात जी शांतता पसरली तिला मी संमती समजलो आणि लिहायचं काम माझ्याकडे घेतलं.

कागद करोल बागेतून आणला. हातकागद, जाडजूड, आत गुलाबाच्या पाकळ्या. दुकानदाराने विचारलं, शादी का कार्ड है क्या, प्रिंटिंग भी करवा देंगे. त्याच्याकडे बघूनही मी तसाच हसलो. नोएडात घरी येऊन डायनिंग टेबलावर बसलो आणि वर 'श्री' लिहिलं. बघता बघता श्रीला मिशा फुटल्या, मिशांना फांद्या फुटल्या आणि शाई आरपार जाऊन टेबलक्लॉथवर उतरली. तिथे श्री कागदापेक्षा जास्त स्पष्ट दिसत होतं! बारीक निबचं पेन घेतलं, तर निब पाकळीत अडकली. भरभर लिहून पाहिलं, तर शाई माझ्यापेक्षा भरभर पळाली.

माझी मुलगी ईरा येऊन बघून गेली. "बाबा, हा तर टिश्यू पेपर आहे यार," ती म्हणाली. "बॉलपेनने लिही ना."

बॉलपेन ऐकून मी पेटलो. पूर्वी कागदाला खळ लावून, घोटून मग त्यावर लिहीत, हे मी कुठेतरी ऐकलं होतं. (ईराला खळ म्हणजे काय ते सांगावं लागलं. 'अच्छा, स्टार्च,' म्हणाली.) मी तांदूळ शिजवले, घोटले, तुरटी घातली आणि केकच्या भांड्याला तूप लावायच्या ब्रशने कागदांना खळ फासली. मग खात्री असावी म्हणून पुन्हा फासली. लग्नानंतर मी प्रथमच भात शिजवतोय आणि तोही कागदासाठी, एवढंच माझी बायको मंजिरी म्हणाली. ऑगस्टच्या दमट हवेत बाल्कनीतल्या दोरीवर कागदांचे पापड झाले. ते सपाट करायला इस्त्री फिरवली, तर कागद इस्त्रीला चिकटले. मंजिरीची सिल्कची साडी इस्त्रीच्या टेबलावर होती, ती कागदाला चिकटली. त्या दिवशीचं पुढचं संभाषण इथे देत नाही.

एक कागद धड राहिला. त्यावर मात्र अक्षर असं उठलं की बघत राहावं. एकही मिशी नाही. शाई अळूच्या पानावरच्या पाण्यासारखी वर बसली होती आणि तशीच बसून राहिली. वाळेचना. पंखा झाला, हेअर ड्रायर झाला. शेवटी कार्यक्रमाच्या दिवशी गाडीत एसी पूर्ण सोडून, ईराच्या मांडीवर आडवं ठेवून मानपत्र फरीदाबादला नेलं.

हॉलमध्ये सगळे नातेवाईक आणि नानांचे दिल्लीतल्या मंत्रालयातले जुने सहकारी जमले होते. नाना पांढऱ्याशुभ्र सिल्कच्या कुर्त्यात. मी मानपत्र हातात दिलं. स्वतःचं नाव पाहूनच त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि कागद छातीकडे निघाला.

"नाना, ओलं आहे," मी हळूच म्हणालो.

"असणारच हो, सुहासराव," नाना म्हणाले. "माझेही डोळे ओले झालेत."

आणि त्यांनी मानपत्र घट्ट हृदयाशी धरलं. प्रसाद शांतपणे मोबाइलवर व्हिडिओ काढत होता.

जेवणाच्या वेळी नाना दिसेनात, म्हणून शोधायला गेलो. हात धुवायच्या बेसिनपाशी, आरशासमोर, चष्मा लावून ते स्वतःची छाती सावकाश वाचत उभे होते. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"अक्षर सुंदर आहे तुमचं," ते आरशातूनच म्हणाले. "पण 'आशीर्वाद'मधली शी पहिली काढलीत. 'दीर्घायुष्य'मधली दी सुद्धा. आणि 'कर्तृत्व'ला एक त कमी पडलाय."

कुर्त्यावर जेमतेम निम्माच मजकूर उमटला होता. उरलेला निम्मा कागदावरच कायमचा फिसकटला, याबद्दल मी त्या भिकार कागदाचा आजन्म ऋणी आहे.